होमोसिस्टीन नंतर, आधी सकाळची लघवी

नेफ्रॉटिक सिंड्रोम झालेल्या प्रत्येक मुलाचं होमोसिस्टीन तपासलंच पाहिजे, ते वाढलेलं निघालं तर फॉलिक अॅसिड, बी-६ आणि बी-१२ सुरू केलं पाहिजे, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या टळतील आणि आजारही वारंवार उलटणार नाही, असा एक युक्तिवाद हल्ली बऱ्याच आत्मविश्वासाने मांडला जातो. बालरोगतज्ज्ञांच्या गप्पांत तो असतो, लॅबच्या पॅकेजच्या कागदांवर असतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून माझ्या दवाखान्यात येणारे आईवडील तर तो रिपोर्टच्या रूपातच घेऊन येतात. होमोसिस्टीनसमोरचा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो, आणि पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, याच्या हार्टला काही होणार का?" मूल बाजूला बसलेलं असतं, डोळे सुजून बारीक झालेले. लघवीत आज किती प्रथिन गेलं, हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं.

हा युक्तिवाद मला चुकीचा वाटतो आणि तो निरुपद्रवी आहे असंही मी मानत नाही. ज्या घरात बाप शिलाईच्या कारखान्यात नगावर काम करतो आणि खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते, त्या घरातल्या पैशाला आणि लक्षाला मर्यादा असते. ते दोन्ही चुकीच्या जागी खर्च झालं तर किंमत मूल मोजतं.

आधी आजाराबद्दल. दोन ते सहा वर्षांचं, एरवी धडधाकट मूल एके सकाळी डोळे सुजवून उठतं. डास चावला असेल, अॅलर्जी असेल म्हणून चार दिवस अॅलर्जीचं औषध चालतं. दुपारपर्यंत चेहऱ्यावरची सूज उतरते, संध्याकाळी पाय सुजतात, मोज्याचा वळ उमटतो, चड्डीचं इलॅस्टिक रुततं. लघवी कमी होते आणि तिला फेस येतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन लघवीत वाहून जात असतं. रक्तात एरवी दर १०० मिलिलीटरला साडेतीन-चार ग्रॅम असणारं अल्ब्युमिन निम्म्यावर येतं, शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, कोलेस्टेरॉल चढतं. 'किडनी फेल' हे शब्द या मुलांच्या बाबतीत घाईने उच्चारले जातात आणि आजी-आजोबा रडायला लागतात. बहुतेक मुलांचं मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन मात्र नॉर्मल असतं. प्रतिजैविकं आणि स्टिरॉइड यायच्या आधी या आजाराची दर तीनांतली दोन मुलं दगावत, बहुतेक जंतुसंसर्गाने. आज प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळीने दहातल्या आठ-नऊ मुलांची लघवी चार ते सहा आठवड्यांत साफ होते. हा फार मोठा बदल आहे आणि तो एका स्वस्त गोळीने घडवला आहे, हे विसरून चालणार नाही.

मग होमोसिस्टीन मध्ये कुठून आलं? ते येण्याला कारण आहे, हे मी आधीच मान्य करतो. नेफ्रॉटिक मुलांच्या रक्तात गुठळ्या होऊ शकतात. शंभरातल्या साधारण तीन मुलांना हा त्रास होतो. पायाच्या शिरेत, मूत्रपिंडाच्या शिरेत, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे मेंदूच्या शिरांमध्ये. होमोसिस्टीन वाढलं की रक्तवाहिन्यांना इजा होते हेही वैद्यकशास्त्रात जुनं निरीक्षण आहे. ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की तिसरं आपोआप सुचतं: या मुलांच्या गुठळ्यांमागे होमोसिस्टीन असणार. सुचतं, पण सिद्ध होत नाही.

होमोसिस्टीन हे एक अमिनो आम्ल. मेथिओनिन या दुसऱ्या अमिनो आम्लावर प्रक्रिया करताना ते १९३२ मध्ये व्हिन्सेंट डु विग्नो यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. पुढे १९५५ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या शरीरातही ते मेथिओनिनपासूनच बनतं आणि बी-१२, फोलेट, बी-६ यांच्या मदतीने पुन्हा वापरात येतं किंवा मोडलं जातं. १९६२ मध्ये बेलफास्टमधल्या डॉक्टरांनी होमोसिस्टिन्युरिया या जन्मजात आजाराचं वर्णन केलं. १९६९ मध्ये किल्मर मॅकली या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने दोन मुलांच्या शवविच्छेदनातले रक्तवाहिन्यांचे नमुने पाहिले. एक आठ वर्षांचा मुलगा होता, १९३३ मध्ये पक्षाघाताने गेलेला. दुसरं दोन महिन्यांचं बाळ. दोघांचा जन्मजात दोष वेगवेगळा, पण दोघांतही होमोसिस्टीन साठत होतं आणि दोघांच्याही धमन्या म्हाताऱ्या माणसासारख्या झालेल्या होत्या. होमोसिस्टीन धमन्या बिघडवतं हा सिद्धांत मॅकलीने त्यावरून मांडला. बरीच वर्षं त्याची उपेक्षा झाली, पुढे त्याचा बोलबाला झाला.

पण त्या जन्मजात आजारांत होमोसिस्टीन लिटरला शंभर मायक्रोमोलच्या पलीकडे, कित्येकदा दोनशे-तीनशेपर्यंत जातं. आमच्याकडच्या पालकांच्या हातातल्या रिपोर्टवर १७ असतं, २१ असतं. शंभराच्या वरच्या पातळीवर दिसलेली हानी विसाच्या पातळीवरही होईलच असं गृहीत धरणं हा पहिला घोटाळा आहे. आणि दुसरा घोटाळा त्याहून मोठा आहे, तो अल्ब्युमिनचा.

रक्तातलं सुमारे सत्तर ते ऐंशी टक्के होमोसिस्टीन प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनलाच चिकटलेलं असतं. उरलेलं थोडं मोकळं फिरतं. लॅब दोन्ही मिळून 'एकूण' मोजते. आता नेफ्रॉटिक मुलात अल्ब्युमिनच लघवीवाटे जातंय. त्याच्याबरोबर त्याला चिकटलेलं होमोसिस्टीनही जातं. म्हणजे सूज सर्वांत जास्त असते, अल्ब्युमिन सर्वांत कमी असतं, त्या वेळी एकूण होमोसिस्टीन कमी दिसू शकतं. मूल बरं होऊन अल्ब्युमिन वर आलं की तोच आकडा चढू शकतो. बरं होण्यालाच बिघडणं समजण्याची पाळी येते. दुसरीकडे याच गळतीत बी-१२ वाहून नेणारं प्रथिनही लघवीत जातं, भूक मंदावते, त्यामुळे होमोसिस्टीन वाढायलाही कारण आहे. एकाच आकड्यात एकमेकांच्या विरुद्ध ओढणाऱ्या दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत. म्हणूनच जगभरातले अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. नायजेरियात इबादानच्या संशोधकांनी २०१४ मध्ये नेफ्रॉटिक मुलांत होमोसिस्टीन जास्त आणि बी-१२, फोलेट कमी असल्याचं दाखवलं. इतर काही अभ्यासांत ते कमी निघालं, काहींत निरोगी मुलांइतकंच. हे अभ्यास लहान आहेत, कुणी सुजलेली मुलं घेतली, कुणी बरी झालेली, कुणी स्टिरॉइड सुरू असलेली. त्यातून एक-दोन अभ्यास निवडून 'हे तर सिद्धच आहे' म्हणायला मी तयार नाही.

आता महाराष्ट्राकडे वळू, कारण या वादाचा खरा निकाल इथेच लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बी-१२ आणि होमोसिस्टीनवर गेली अनेक वर्षं काम केलं आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुण्यातल्या २०४ स्त्री-पुरुषांपैकी ७७ टक्क्यांचं होमोसिस्टीन १५ च्या वर होतं. २००६ मध्ये त्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय असे ४४१ पुरुष तपासले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. शहरी मध्यमवर्गात तर बी-१२ कमी असलेले ८१ टक्के. यात नेफ्रॉटिक कुणी शोधलेले नव्हते. ही आपली सर्वसाधारण माणसं होती. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार, किंवा घरी मांस-मासे आठवड्यातून एकदा आणि तेही थोडे, दूध पातळ आणि मोजून. बी-१२ मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. मग ते कमी का, याचं आश्चर्य वाटायला नको.

बदलापूरच्या एखाद्या शाकाहारी घरातल्या नेफ्रॉटिक मुलाचं होमोसिस्टीन १९ निघालं, तर त्याच्या निरोगी बहिणीचं किती आहे हे कुणी पाहिलं का? आईचं? तेही १९ असेल तर तो आकडा मूत्रपिंडाबद्दल काहीच सांगत नाही, घरातल्या ताटाबद्दल सांगतो. शिवाय लॅब जी 'नॉर्मल' मर्यादा छापते ती बहुतेक वेळा मोठ्या माणसांची, ५ ते १५. लहान मुलांत निरोगी आकडा त्याहून बराच कमी असतो आणि वयाबरोबर वाढत जातो. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाचं १३ आलं तर कागद म्हणतो ठीक आहे, आणि ते ठीक नसतं. मोठ्यांच्या मोजपट्टीवर मुलाला मोजायचं आणि मग निर्धास्त व्हायचं किंवा घाबरायचं, दोन्ही चूकच.

आणि तो आकडा तरी खरा असतो का? इथे मला जरा तपशिलात जायचं आहे, कारण यावर कुणी बोलत नाही. रक्त नळीत गेलं तरी तांबड्या पेशी जिवंत असतात, त्या होमोसिस्टीन तयार करून बाहेर सोडत राहतात. नळी खोलीच्या तापमानाला तशीच ठेवली तर दर तासाला साधारण दहा टक्के वाढ होते. म्हणून नियम असा की रक्त काढल्याबरोबर नळी बर्फात ठेवायची आणि तासाभरात सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशींवरचा द्रव वेगळा करायचा. आता आमच्या पट्ट्यातलं चित्र बघा. बदलापूर पूर्वेला एका गाळ्यात कलेक्शन सेंटर आहे. सकाळी आठला, उपाशीपोटी, मुलाचं रक्त काढलं. सेंट्रिफ्यूज नाही. नळी स्टँडला उभी. साडेदहाला मोटरसायकलवरचा मुलगा येतो, पिशवीत नळ्या घेतो, अंबरनाथ आणि उल्हासनगरची दोन-तीन सेंटरं करत पुढे जातो. पिशवीत कधी बर्फाचं पाकीट असतं, कधी वितळून गेलेलं असतं. पावसाळ्यात अंबरनाथ-बदलापूर मार्गावर पाणी भरलं तर अजून उशीर. मुख्य लॅबमध्ये नळी दुपारी फिरते. मूळ आकडा ११ असेल तर चार तासांत तो १५ च्या पुढे जातो. 'हाय' छापून येतो. बाण वर. पुढचं सगळं औषधपाणी त्या बाणावर ठरतं. जिथे नमुना तिथल्या तिथे वेगळा करतात अशा लॅबही आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रिपोर्टवर नमुना कधी काढला आणि कधी फिरवला याच्या वेळा छापलेल्या मी क्वचितच पाहतो.

"तपासून बिघडलं काय?" असं विचारणाऱ्यांना माझं एक उत्तर सुजलेल्या हाताकडे बघा असं आहे. या मुलांची शीर सापडत नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सुई. मग कुणीतरी जांघेतली शीर गाठतं. सूज चढलेल्या नेफ्रॉटिक मुलाच्या जांघेतल्या शिरेत सुई घालणं हेच गुठळीचं एक ओळखीचं कारण आहे. गुठळीचा अंदाज घेण्यासाठी गुठळीचा धोका पत्करायचा, याला काय म्हणावं?

गुठळ्या कशाने होतात ते नीट माहीत आहे. गोठणं रोखणारं अँटिथ्रॉम्बिन लघवीत जातं. यकृत रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन जास्त बनवतं. रक्तातलं पाणी बाहेर गेल्याने रक्त घट्ट होतं. अशा वेळी सूज लवकर उतरावी म्हणून लघवीच्या गोळ्या सढळ हाताने दिल्या, किंवा मुलाला जुलाब-उलट्या झाल्या आणि पाणी कमी पडलं, की रक्त आणखी घट्ट. मूल दिवसभर अंथरुणात पडून असेल तर त्यात भर. यातली प्रत्येक गोष्ट आईबापांना सांगता येते आणि टाळता येते. जुलाब झाले तर लघवीची गोळी बंद करून लगेच दाखवा. जोराची डोकेदुखी, उलट्या, झटका, एकच पाय सुजला, लघवी लाल झाली, यातलं काहीही दिसलं तर उजाडायची वाट पाहू नका. या दोन वाक्यांनी जेवढी मुलं वाचतील तेवढी होमोसिस्टीनच्या रिपोर्टने वाचतील असं मला दाखवून द्या, मी माझं म्हणणं मागे घेईन.

आता औषधाचा मुद्दा. होमोसिस्टीन जीवनसत्त्वांनी खाली येतं, यात शंका नाही. पण ते खाली आणल्याने माणसाचं भलं होतं का, हे मोठमोठ्या चाचण्यांत तपासून झालं आहे. २००७ च्या 'व्हिट्रो' चाचणीत शिरेत गुठळी होऊन गेलेल्या लोकांना बी जीवनसत्त्वं दिली. गुठळी पुन्हा होण्याचं प्रमाण कमी झालं नाही. आपल्या वादाला ही चाचणी सर्वांत जवळची, कारण नेफ्रॉटिक मुलांतही प्रश्न मुख्यतः शिरांमधल्या गुठळ्यांचा आहे. त्याच वर्षी 'होस्ट' चाचणीत मूत्रपिंड निकामी झालेल्या किंवा होत चाललेल्या दोन हजारांहून अधिक अमेरिकन रुग्णांना मोठे डोस दिले. होमोसिस्टीन उतरलं, मृत्यू कमी झाले नाहीत. २००६ च्या 'होप-२' आणि 'नॉर्व्हिट' या हृदयविकाराच्या चाचण्यांतही आशा फळाला आली नाही. विरुद्ध बाजूने एक चांगला पुरावा आहे, तोही सांगायला हवा: चीनमध्ये २०१५ मध्ये वीस हजारांवर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत रक्तदाबाच्या औषधाबरोबर फॉलिक अॅसिड दिल्याने पहिल्या पक्षाघाताचं प्रमाण ३.४ वरून २.७ टक्क्यांवर आलं. ती माणसं मध्यमवयीन आणि वयस्कर, रक्तदाब असलेली, फोलेट मुळातच कमी असलेली. त्या निष्कर्षावरून सहा वर्षांच्या नेफ्रॉटिक मुलाला गोळी लिहायची असेल तर मधली पायरी कोणती, हे समोरच्यांनी सांगावं.

"पण व्हिटॅमिनच तर आहे, अपाय काय?" हा शेवटचा बचाव. २०१० मध्ये कॅनडातल्या 'डिव्हाइन' चाचणीत मधुमेहामुळे मूत्रपिंड बिघडलेल्या २३८ जणांपैकी काहींना फॉलिक अॅसिड, बी-६ आणि बी-१२ चे मोठे डोस दिले. तीन वर्षांत जीवनसत्त्वं घेणाऱ्यांची मूत्रपिंडं न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेगाने खालावली, आणि हृदयविकार-पक्षाघाताच्या घटनाही त्यांच्यातच जास्त झाल्या. मधुमेही प्रौढांचा हा निष्कर्ष मुलांना लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण 'अपाय होऊच शकत नाही' हे वाक्य त्यानंतर कुणी डॉक्टरने तरी उच्चारू नये. आणि महाराष्ट्रात तर एक वेगळा, जास्त रोजचा धोका आहे. बी-१२ कमी असलेल्या मुलाला नुसतं फॉलिक अॅसिड दिलं तर रक्तक्षय सुधारल्यासारखा दिसतो, आणि बी-१२ अभावी नसांचं होणारं नुकसान आतल्या आत चालू राहतं. ज्या प्रांतात बी-१२ ची कमतरता इतकी सर्रास आहे तिथे होमोसिस्टीन उतरवायचं म्हणून फॉलिक अॅसिड वाटणं बेजबाबदारपणाचं आहे.

याहून गंभीर नुकसान मी दवाखान्यात पाहतो. स्टिरॉइडबद्दल घराघरात भीती आहे. चेहरा गोल होतो, भूक वाढते, अंगावर लव येते, शेजारीण म्हणते, "अगं, स्टिरॉइड देतेस पोराला?" अशा वेळी कुणी सांगितलं की खरा दोष होमोसिस्टीनचा आहे आणि त्यावर जीवनसत्त्वांची साधी, बिनधोक इंजेक्शनं आहेत, की आईबाप सुटकेचा श्वास टाकतात आणि प्रेडनिसोलोन अर्ध्यावर बंद होतं. आजार उलटतो. कधी त्याहूनही वाईट होतं: कित्येक आठवडे स्टिरॉइड घेतलेल्या मुलाच्या शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची क्षमता झोपलेली असते, आणि गोळी अचानक थांबल्यावर साध्या तापातही मूल कोसळू शकतं. भारतीय बालमूत्रपिंडतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात पहिल्या वेळचा कोर्स स्पष्ट आहे: सहा आठवडे रोज, मग सहा आठवडे दिवसाआड. तिथे सुरुवातीच्या तपासण्यांची यादीही आहे. होमोसिस्टीन त्यात नाही.

त्या यादीतली आणि रोजच्या जगण्यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी घरच्या स्वयंपाकघरात होते. काचेची परीक्षानळी घ्या, सकाळची पहिली लघवी दोन-तृतीयांश भरा, नळी खालून चिमट्यात धरून तिरकी करा आणि वरचा भाग गॅसच्या मंद ज्योतीवर तापवा. वरचा भाग ढगाळ झाला आणि व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकल्यावरही ढग तसाच राहिला, तर लघवीत प्रथिन आहे. व्हिनेगरने निवळलं तर नाही. ज्यांना पट्ट्या परवडतात त्यांनी पट्टी बुडवून बाटलीवरच्या रंगांशी ताडावी. सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकून बघण्याची पद्धत सगळ्यात सोपी आणि स्वस्त: नळीमागे छापील कागद धरायचा, अक्षरं दिसतात का ते बघायचं, साका बसला तर चार प्लस. रोजचा निकाल वहीत तारखेसमोर लिहायचा. सलग तीन सकाळी तीन प्लस किंवा चार प्लस आलं म्हणजे आजार उलटला, आणि तेव्हा डॉक्टरकडे जायचं, अंगावर सूज येण्याची वाट न पाहता. सलग तीन सकाळी काही नाही किंवा नाममात्र, म्हणजे आटोक्यात आला.

अंबरनाथची एक आजी ही वही मला दर वेळी आणून दाखवते. शाळा तिसरीपर्यंतच, पण रकाने सरळ आखलेले, प्लसच्या खुणा निळ्या शाईत, ताप आला त्या तारखेला तांबडा टिंब. त्या वहीमुळे तिच्या नातवाचा आजार उलटल्याचं सूज येण्याआधी कळतं, औषध लवकर सुरू होतं, आणि परळपर्यंतच्या खेपा वाचतात. वाडिया रुग्णालयाच्या मुलांच्या मूत्रपिंडविभागात जायचं म्हणजे अंबरनाथहून सकाळची गर्दीची लोकल, सुजलेलं मूल कडेवर, दादरला उतरून पुन्हा परळकडे. ती खेप ज्या मुलांना खरोखर लागते, म्हणजे स्टिरॉइडला दाद न देणारी, वारंवार उलटणारी, रक्तदाब चढलेली, त्यांनी ती करायलाच हवी. बाकीच्यांची काळजी उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात आणि जवळच्या बालरोगतज्ज्ञाकडे घेता येते. न्यूमोकॉकसची लस दिली का, हे तिथे विचारलं गेलं पाहिजे, कारण या मुलांच्या पोटाच्या पडद्याला होणारा जंतुसंसर्ग आजही जीव घेतो. स्टिरॉइडचा मोठा डोस चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी थांबवायच्या आणि घरात कांजिण्या आल्या तर मुलाला लगेच दाखवायचं, हेही सांगितलं पाहिजे. मीठ कमी, प्रथिनं वयाला लागतील तेवढी. अंडी आणि डाळ बंद करायला सांगणारे अजून भेटतात. त्यांचं ऐकू नका.

वालधुनी नदीच्या पाण्याने आणि एमआयडीसीच्या धुराने हा आजार होतो असंही इथे बोललं जातं. वालधुनीची दुर्दशा खरी आहे आणि तिच्यासाठी भांडलं पाहिजे, पण हा आजार स्वच्छ नदीकाठच्या मुलांनाही होतो. ती लढाई या मुलांच्या नावावर लढू नये.

होमोसिस्टीन कधीच तपासू नये असं माझं म्हणणं नाही. नेफ्रॉटिक मुलाला खरोखर गुठळी झाली आणि नेहमीची कारणं पुरेशी वाटली नाहीत, मूल वयाच्या मानाने फार उंच आणि डोळ्याचं भिंग सरकलेलं, वाढ मागे पडलेली, किंवा तान्ह्या बाळात मूत्रपिंडाचा आजार आणि रक्तपेशींचा नाश एकत्र दिसला, तर तपासा, आणि तेव्हा नळी बर्फात ठेवूनच पाठवा. बोटांच्या पेरांवर काळेपणा, जीभ गुळगुळीत लाल, हिमोग्लोबिन कमी आणि तांबड्या पेशी आकाराने मोठ्या, असं दिसलं तर मुलाचं थेट बी-१२ तपासा, कमी असेल तर बी-१२ द्या, आणि घरातल्या बाकीच्यांचंही तपासा. त्या उपचाराला होमोसिस्टीनच्या आकड्याची परवानगी लागत नाही.

ज्यांना हा प्रश्न संशोधनासाठी महत्त्वाचा वाटतो त्यांनी संशोधन करावं. प्रश्न खरंच उघडा आहे. मोकळं आणि बांधलेलं होमोसिस्टीन वेगवेगळं मोजा. त्याच मुलाचं सूज असताना एकदा आणि लघवी साफ झाल्यावर एकदा मोजा. तुलनेला त्याच घरातली, त्याच ताटात जेवणारी निरोगी भावंडं घ्या. नैतिकता समितीची परवानगी घ्या, आईवडिलांना मराठीत, सिंधीत, हिंदीत समजावून संमती घ्या, आणि तपासणीचं बिल संशोधनाच्या निधीतून भरा. तोवर या पट्ट्यातल्या कुठल्याही आईबापाच्या खिशातून त्या आकड्याचे पैसे घेऊ नयेत.